कंगवा

सकाळी सहाला गच्चीवर चढतो,
सातनंतर पत्रा हात लावू देत नाही.
धरणगावात मे महिना
चपलेच्या तळातून वर येतो.

हे यंत्र मीच सांगून बसवलेलं.
कोठावदेशेठ म्हणाले होते, वीस टनाचं घेऊ,
समोरच्यानं पंधराचं घेतलंय.
त्यांच्या लेखी टन म्हणजे वजन, वजन म्हणजे मान.
मी टेप काढला. पश्चिमेची भिंत मोजली,
काचा मोजल्या, शालूवर सोडतात ते पिवळे दिवे मोजले,
लग्नसराईतल्या शनिवारी
बस्त्याला आलेली माणसं मोजली, कडेवरची पोरंसुद्धा.
आकडा आला अकरा.

एवढंच?

म्हटलं, शेठ, जास्तीचं यंत्र उतावळ्या जावयासारखं,
आलं, टेकलं, उठलं.
गारवा करून जाईल, ओल मागे ठेवेल,
श्रावणात रेशमाला वास मारेल.
रेशमाचं नाव काढलं की शेठ ऐकतात.
गच्चीला चुना मारा, हेही सांगितलं.
चुन्यात कमिशन नसतं,
म्हणून ते कोणी सांगत नाही.

क्रेननं पेटी वर आली तेव्हा अख्खी गल्ली बघत होती.
कॉम्प्रेसर, पंखे, सगळा संसार एका पेटीत;
गार कॉइल आणि तापलेली कॉइल
एका घरातल्या दोन जावा,
पाठीला पाठ लावून नांदणाऱ्या.
खाली रबर दिलं, निचऱ्याला उतार दिला,
आणि चारी बाजूंनी माणूस बसेल एवढी जागा सोडायला लावली.
त्या जागेवरून शेठ भांडले होते.
त्याच जागेत बसलोय, आठवं वर्ष.

फिल्टर दर महिन्याला. बेल्ट अंगठ्यानं दाबून.
कॉन्टॅक्टरमध्ये एकदा पाल निघाली,
पट्टीला चिकटून काळी झालेली,
चुकचुकायलाही वेळ मिळाला नसेल.

पण खरा त्रास दिवाळीनंतरचा.
जिनिंग सुरू होतात.
रुई गाठीत जाते, सरकी घाणीला जाते,
हवेत उडतं ते कुणाच्याच हिशोबात नाही.
ते सगळं येऊन माझ्या कॉइलवर बसतं,
थरावर थर, उन्हाळ्यापर्यंत गोधडी होते.
तापलेल्या यंत्राला गोधडी!
मग प्रेशर चढतं, बिल चढतं,
आणि खालून गल्ल्यावरचा सुपडूभाऊ ओरडतो,
"थंडं काबर नही लागी राह्यनं भो?"

नळ बारा दिवसांनी येतो.
शेठ मोजून दोन बादल्या देतात.
म्हणून आधी कोरडं काम: ब्रश, मग कंगवा.
वाकलेल्या पातळ पात्यांतून वरून खाली
हलक्या हातानं ओढायचा,
जोर लावला की पाती मुडपतात.

आमचे दादा धनुकली खांद्यावर टाकून
एरंडोल, पारोळा, पार चोपड्यापर्यंत फिरायचे.
तात वाजली की बाया गाद्या बाहेर काढायच्या.
मग फोम आला.
अब्बांनी मला आयटीआयला घातलं,
म्हणाले, शब्बीर, तू तरी या कापसातून सुटशील.

बोटांना चिकटलेला पेळू
पँटला पुसतो.

शेठचा मुलगा परवा नवीन यंत्राचं बोलत होता,
मोबाईलवर चालतं म्हणे.
चालत असेल.
मी विचारलं, गच्चीवर कोण चढणार?
तो हसला. मी हसलो नाही, मला खरंच विचारायचं होतं.

निचऱ्याच्या नळीखाली मी एक डबा ठेवलेला असतो.
रात्रीतून भरतो कालच्या दिवसाचा, अर्धा.
हाताखालचा तुळशा नवीन आहे,
म्हणतो, उस्ताद, हवेत तर टिपूस नाही,
ओठ फुटलेत माझे,
हे पाणी कुठून आलं?

काल खाली तीन बस्ते होते, मी सांगितलं.
नवरीची आई रंगावर अडून बसलेली, मामा किमतीवर,
दोनशे माणसं दिवसभर बोलत होती, घामेजली होती.
त्यांचं आहे.

तो डब्यात बघत राहिला.
मग त्यानं तो उचलला
आणि कॉइलवर वरून, सावकाश,
मी दाखवलं तसं
ओतायला लागला.